छातीआधी डोकं सांगा

आईचा ईसीजी बिघडलेला, ट्रोपोनिन वाढलेलं, धाप थांबत नव्हती. तालुक्याच्या दवाखान्यात हार्ट अटॅक म्हणून रक्त पातळ करायच्या गोळ्या सिस्टरने काढूनही ठेवल्या होत्या. तेवढ्यात मावशी म्हणाली, "डॉक्टरसाहेब, ही आधी डोकं धरून खाली बसली. काहीतरी फुटलं म्हणाली नि भडाभडा ओकली. छातीचं नाव काढलं नाही तिनं." डॉक्टरांनी गोळ्या थांबवल्या, आईची मान वाकवून पाहिली. ती ताठ होती. सीटी स्कॅनमध्ये मेंदूभोवती रक्त दिसलं. त्या गोळ्या पोटात गेल्या असत्या तर रक्तस्राव आवरणं फार अवघड झालं असतं.

मेंदूच्या धमनीवरचा फुगा फुटला की अंगात अ‍ॅड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा सुटतो आणि त्याने हृदयाचा स्नायू बधिरतो. हृदयाच्या रक्तवाहिन्या मोकळ्या असूनही पंपिंग घसरतं, फुप्फुसात पाणी साचतं. मेंदूच्या आजारात ईसीजी असा बदलतो, हे अमेरिकेतल्या डॉक्टरांनी 1954 सालीच लिहून ठेवलंय. म्हणून सांगते, डोकेदुखी मिनिटभरात असह्य झाली असेल, तर दवाखान्यात पहिलं वाक्य तेच असू द्या. मात्र छातीत दुखून आलेल्या माणसाच्या गोळ्या यावरून अडवू नका; तिथे त्याच जीव वाचवतात.

फुगा कॉइलने बंद केला तरी खरी कसोटी पुढेच असते. साधारण चौथ्या ते चौदाव्या दिवसात मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसू शकतात. तेव्हा मेंदूला रक्त पुरायला बीपी चांगलं लागतं, आणि दमलेलं हृदय नेमकं तेच देऊ शकत नाही. त्यात निमोडिपिन हे औषध दर चार तासांनी, तेही 21 दिवस. मेंदूसाठी ते हवंच, पण त्याने बीपी उतरतं. आईचं वरचं बीपी शंभराखाली आलं तेव्हा नातेवाईक सुटकेचा श्वास सोडत होते, आणि आयसीयूतले डॉक्टर मात्र धावपळ करत होते. तुमच्या पेशंटचं बीपी किती राखायचंय, हे त्यांना रोज विचारा. सलाईनही मोजूनच हवं: कमी पडलं तर मेंदू उपाशी, जास्त झालं तर फुप्फुसात पाणी.

बहुतेकांचं हृदय काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत सावरतं. आईचं पंपिंग 30 टक्क्यांवरून 55 वर आलं. घरी सोडताना टूडी इको पुन्हा कधी करायचा, हृदयाच्या गोळ्या कधीपर्यंत घ्यायच्या, हे लिहून घ्या. पहिला ईसीजी मेंदूच्या फाईलीतच लावा, म्हणजे पुढे कुणी नवा डॉक्टर तो सुटा पाहून तुमच्या माणसाला जन्माचा हार्ट पेशंट ठरवणार नाही.