बाजरीची विरळणी

बी दाट पडले की पीक जास्त, हा समज आपल्यात अजून आहे. कोरडवाहू बाजरीत तो नडतो. दाट रोपे जमिनीतील ओल लवकर संपवतात. दाणे भरताना पावसाने ओढ दिली की कणसे बारीक राहतात. म्हणून दोन ओळींत ४५ व दोन रोपांत १५ सेंटिमीटर अंतर ठेवावे. म्हणजे हेक्टरी सुमारे १ लाख ४८ हजार रोपे बसतात. याहून फार विरळ पेरूनही लाभ नाही. बाजरी फुटवे काढून जागा भरते खरी, पण उशिराच्या फुटव्यांची कणसे मागे पडतात. पेरणीनंतर १० ते २० दिवसांत, ओल असताना विरळणी करावी. उगवलेले रोप उपटताना हात अडखळतो, हे आम्ही जाणतो. त्यातली जोमदार रोपे नांग्या भरायला लावावीत.