लाथेनं कंबर बरी होत नाही

कंबरेत उसण भरली की पायाळू, म्हणजे पायाकडून जन्मलेल्या, माणसाकडून लाथ मारून घ्यायची, ही आपल्याकडची जुनी रीत. देऊळगाव राजा परिसरातले नाल ठोकणारे माझ्या दवाखान्यात येतात ते बहुतेक आधी असा एखादा पायाळू गाठूनच. दिवसभर जनावराच्या लाथा चुकवायच्या आणि संध्याकाळी माणसाची मागून घ्यायची!

सिंदखेडच्या जाधवरावांच्या या मुलखात घोडी आता वरातीपुरती उरली, पण बैल आहेत, म्हणून नालबंदाला काम आहे. बैलाचा खूर दुभंगलेला, त्यामुळे एका पायाला दोन पत्र्या, एका बैलाला आठ. बैल दोरानं पाडायचा, पाय बांधायचे आणि उकिडवं बसून खिळे ठोकायचे. घोड्याचं उलट. तो उभा, माणूस त्याचा एक पाय उचलून धरून वाकलेला, आणि कंटाळलेलं जनावर आपला भार हळूच त्या उचललेल्या पायावर टाकतं. अशा वेळी त्यानं पाय झटकला की वाकलेल्या कंबरेला पीळ बसतो. स्नायू दुखावतात, कधी मणक्यांमधली चकती सरकते.

मग लाथेनं बरं कसं वाटतं? साधी कंबरदुखी बहुतेकांची सहा आठवड्यांच्या आत आपोआपच उतरते. त्या काळात जो भेटला, त्याला श्रेय. पायाळू भेटला नसता तरी ती गेलीच असती. चकती सरकलेली असेल, तर मात्र त्याच लाथेनं होतं नव्हतं ते बिघडू शकतं.

मागे पोळ्याच्या सुमारास एक नालबंद चाचा आले. लाथ झाली होती, कंबर तुडवून झाली होती, पुतण्यानं मोबाईलवर पाहून दाराच्या चौकटीला लटकवलंही होतं. खिशात मेडिकलवरून आणलेली रंगीत गोळ्यांची पुडी. त्यात कुठल्या गोळ्या, हे देणाऱ्यानं सांगितलं नव्हतं, यांनी विचारलं नव्हतं. उठता उठता म्हणाले, “उजव्या पायातली चप्पल निसटते, कळतच नाही.” हे आधी का नाही सांगितलं? तर, “कंबर दाखवायला आलो डॉक्टरसाहेब, चपलेचं काय सांगायचं?”

चपलेचंच सांगायचं असतं! जालन्याला पाठवलं, शस्त्रक्रिया झाली, पायात बरीच ताकद परतली.

पाऊल उचललं जात नसेल, लघवी तुंबली किंवा नकळत होऊ लागली, खोगिराला टेकतो तो भाग बधिर झाला, तर त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठा. सकाळची वाट पाहू नका. कंबरदुखीबरोबर संध्याकाळचा ताप आणि वजन घटणं असेल, तर मणक्याचा क्षयरोग तपासावा लागतो. तो औषधांनी बरा होतो, मालिशनं नाही.

यातलं काही नसेल तर घाबरू नका. एमआरआयची घाई नको. खाटेवर पडून राहू नका, फार तर एक-दोन दिवस. शेक घ्या, हिंडत राहा. पुडीतल्या वेदनाशामक गोळ्या उन्हात घाम गाळणाऱ्याची किडनी बिघडवतात, जठरात रक्तस्राव करतात. काम करताना कंबरेतून न वाकता गुडघ्यातून वाका, आणि एक जनावर झालं की उभं राहून पाठ ताठ करा. गिऱ्हाईक थांबेल.

पोटावर जनावराची लाथ बसली आणि वर खरचटलंही नाही, म्हणून निश्चिंत होऊ नका. प्लीहा फाटली तर चक्कर, घाम, डाव्या खांद्यात दुखणं तासाभरानं, कधी दुसऱ्या दिवशीही सुरू होतं. १०८ला फोन करा.

राहिली खिळ्याची जखम. घोड्याच्या लिदीत धनुर्वाताचे जंतू असतात. लसीचा पूर्ण कोर्स झाला असेल तर दर दहा वर्षांनी एक डोस पुरतो. जखम घाण असेल आणि आधीच्या डोसला पाच वर्षं उलटली असतील, तर लगेच घ्यावा. दर सहा महिन्यांनी सुई टोचून घेण्यात अर्थ नाही. डोस घ्यायला येण्याआधी जखम साबणानं, वाहत्या पाण्यात धुवा. हळद, राख, ग्रीस थापून येऊ नका. ते खरवडून काढण्यातच माझा वेळ जातो, आणि बोंब तुम्हीच मारता.