मालवणचें प्रवाळ

आमच्या खारपाण पट्ट्यांत विहिरीचें पाणीही खारट. परंतु खाऱ्या पाण्यांत जीव खडक रचतात, हें संग्रामपूरच्या आम्हां विद्यार्थ्यांस मालवणास जाईपर्यंत ठाऊक नव्हतें.

शिवछत्रपतींनीं १६६४ सालीं कुरटे बेटावर आरंभिलेल्या सिंधुदुर्गानजीक होडी थांबते. खालीं रंगीत दगडासारखें दिसतें तें प्रवाळ, म्हणजे सूक्ष्म जीवांची वसाहत होय. हे जीव चुन्याचें कवच रचतात. त्यांच्या देहांतील शैवाल सूर्यप्रकाशांत अन्न तयार करून त्यांस पुरवितें. पाणी अति तापलें कीं जीव शैवालास बाहेर टाकतात व प्रवाळ पांढरें पडतें. त्याच्या कपारींत माशांचीं पिलें वाढतात. तींच पुढें गाबितांच्या जाळ्यांत येतात. १९८७ सालीं येथें सागरी अभयारण्य जाहीर झालें. तरी नांगराच्या एका आघातानें अनेक वर्षांची रचना मोडते. पाण्यांत उतरतांना नावाडी एवढेंच म्हणाला, "पाय टेकू नकात हां!"