पेटी किती तासांची?

शास्त्रीय संगीताचा संच विकणारा आधी नग सांगतो. पाच सीडी, दहा तबकड्या, शंभर राग. दिग्रसला बसून पार्सलनं माल मागवणाऱ्यानं त्याला उलट विचारावं: एकूण तास किती?

हिंदुस्थानी संगीतात पेटीचा आकार आणि आतलं गाणं यांचा मेळ बसेलच असं नाही. ७८ गतीच्या जुन्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटं मावत. अब्दुल करीम खाँ १९३७ साली गेले, त्यामुळे त्यांच्या तबकड्या सगळ्या याच मापाच्या. केसरबाई केरकरांची जी भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानातून अंतराळात गेली, तीही साडेतीन मिनिटांचीच. पुढे एलपी आली आणि एक बाजू वीस-बावीस मिनिटांची झाली. सीडीवर सत्तरच्या वर मिनिटं मावतात, पण दोन एलपी काही एका सीडीत बसत नाहीत. म्हणून एलपीवरून केलेल्या संचात पुष्कळदा एका सीडीवर एकच एलपी असते. पाच सीडींचे पैसे मोजायचे आणि गाणं साडेतीन तास! मैफलीच्या ध्वनिमुद्रणांचा संच असेल तर एकेक ख्याल पाऊण तास चालतो आणि सीडी भरलेली असते. वेष्टनाच्या मागे प्रत्येक चिजेची वेळ छापलेली असते, तिची बेरीज करा. वेळा नसतील, ध्वनिमुद्रणाचं साल नसेल, तबलजी-हार्मोनियमवाल्याचं नाव नसेल, तर तो संच कितीही गुळगुळीत छापलेला असो, सोडून द्या.

आता भाव. हे अंदाजानं धरावेत, कारण जुन्या मालाला छापील किंमत उरत नाही. दोन ते पाच सीडींचे भारतीय संच पाचशे ते दीड हजारात मिळतात. वापरलेली एलपी तीनशेपासून दीड हजारापर्यंत जाते. किशोरीताई आमोणकरांच्या जौनपुरीसारख्या एलपीची मूळ प्रत असेल, तर विक्रेता गिऱ्हाइकाचा चेहरा पाहून आकडा सांगतो. मुंबईचं ऱ्हिदम हाउस हे संगीताचं दुकान २०१६ मध्ये बंद झालं. चोरबाजारात अजून तबकड्या मिळतात, पण तिथवर जाण्या-येण्याचा आणि मुक्कामाचा खर्च प्रत्येक तबकडीवर वाटून बघा, मग ती स्वस्त वाटते का ते ठरवा.

पाश्चात्त्य संगीताच्या पेट्या म्हणजे वेगळंच प्रकरण. मोत्सार्टची २०१६ ची ‘मोत्सार्ट २२५’ दोनशे सीडींची, बाखची २०१८ ची ‘बाख ३३३’ २२२ सीडींची. अशा पेटीत एक सीडी सुटी घेण्यापेक्षा पुष्कळ स्वस्त, शंभर-दोनशे रुपयांना पडते, हे खरं. पण रोज तासभर ऐकलं तरी मोत्सार्ट आठ महिने पुरेल. शिवाय परदेशातून मागवलं की वाहतूक, सीमाशुल्क आणि जीएसटी वर चढतात. ‘भेट म्हणून पाठव’ ही जुनी पळवाट डिसेंबर २०१९ पासून बंद आहे. राख्या आणि जीवरक्षक औषधं तेवढी त्यातून सुटली. परदेशातून सुटीवर येणाऱ्या भाच्याला सांगणार असाल तर आधी वजन विचारा. त्याच्या बॅगेत आईसाठीही काही असतं.

पेटी घरी आली, पण वाजवायची कशावर? नव्या लॅपटॉपला सीडीचा कप्पाच नसतो. बाहेरून जोडायचा ड्राइव्ह दीड-दोन हजारात मिळतो आणि तो घ्यावाच. एका सीडीची दर्जा न घटवता केलेली नक्कल साधारण ३०० ते ४०० एमबी होते, म्हणजे शंभर सीडी ४० जीबीत मावतात. एवढं सगळं एका पेन ड्राइव्हमध्ये बसतं. मूळ सीडी मग कपाटात ठेवता येतात. एलपीसाठी बऱ्यापैकी प्लेअर पंधरा हजारांच्या पुढे जातो आणि सुई बदलण्याचा खर्च वेगळा. शंभरेक एलपी जमवायची तयारी नसेल तर त्या वाटेला जाऊ नये, असं माझं मत. आपल्याकडचा मे महिना त्यांना सोसत नाही. पत्र्याच्या खोलीत आडव्या रचलेल्या एलपी वाकतात आणि वाकलेली एलपी पुन्हा धड सरळ होत नाही. उभ्या ठेवा, आतल्या खोलीत, माळ्यावर नको. पावसाळ्यात कव्हरांना बुरशी धरते, तेव्हा भिंतीला टेकवू नका.

वापरलेला माल ट्यूबलाइटखाली तिरपा धरून पाहावा. एलपीच्या खाचा काळ्या चकचकीत दिसायच्या ऐवजी राखाडी दिसल्या तर बोथट सुईनं त्या खरवडल्या आहेत. धुऊन काही होत नाही. सीडी उजेडासमोर धरल्यावर टाचणीच्या टोकाएवढी भोकं दिसली तर परत करा. मधून काठाकडे गेलेला ओरखडा बहुधा चालून जातो, गोल फिरलेला दगा देतो. सीडी पुसायचीही मधून बाहेर, सरळ. मागवण्याआधी दिग्रसचा पिनकोड टाकून परतीची सोय आहे का बघा, खोकं उघडताना मोबाइलवर चित्रण करा. विक्रेता दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५.

आणखी एक हिशेब फार कमी लोक करतात. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं टिकतो. अब्दुल करीम खाँ किंवा केसरबाईंच्या जुन्या तबकड्या त्यातून कधीच बाहेर पडल्या आहेत आणि संग्राहकांनी त्या इंटरनेटवर फुकट ठेवल्या आहेत. तशा संचाला पैसे द्यायचे ते फक्त खरखर नीट काढली असेल आणि सोबतची पुस्तिका वाचण्याजोगी असेल तरच.

पाच हजार बाजूला काढले असतील तर दोन हजार ड्राइव्ह आणि पेन ड्राइव्हला जातील. उरलेल्यात एखाद्या गायकाच्या मैफलींचा एक संच घ्या. पैसे उरले तर ‘द राग गाइड’ शोधा. निंबस कंपनीनं १९९९ मध्ये काढलेला हा संच चार सीडींचा आहे. त्यात ७४ राग थोडक्यात गायले-वाजवले आहेत. श्रुती सडोलीकर आणि हरिप्रसाद चौरसिया हे त्यातले दोन कलावंत. सोबत जाडजूड पुस्तक. वापरलेला घेताना मात्र पुस्तक पेटीत आहे ना, याचा फोटो आधी मागवा.