राजीनामा देण्याआधी

अहिल्यानगर

चि. बाळ,


तुझं पत्र मिळालं. हंगामी वसतिगृहाच्या रजिस्टरची हकिकत दोनदा वाचली. आईबाप ऊसतोडीसाठी कोयत्यावर गेले तरी मुलांची शाळा बुडू नये म्हणून आलेल्या धान्यात आणि पैशात तुमच्याच संस्थेतल्या माणसाने हात मारला. महिनाभराची हजेरी एकाच पेनाने, एका बैठकीत भरलेली. आईबापांबरोबर कारखान्यावर गेलेल्या मुलांपुढेही ‘हजर’. आणि प्रार्थनासभेत सगळ्यांत लांब प्रार्थना हाच माणूस करायचा, हे तुला जास्त लागलं. तू लिहितेस, ‘मामा, माणूस मुळात पापीच असेल तर जग बदलण्याची खटपट कशाला? राजीनामा देते आणि कुठेतरी नोकरी धरते.’

राजीनामा द्यायचा तर दे. पण त्याचं खापर शास्त्रावर फोडू नकोस.

माणसाच्या पापाविषयी सगळे ख्रिस्ती एकच सांगत आलेत असं नाही. पेलागियस नावाचा एक जुना ख्रिस्ती शिक्षक म्हणायचा, माणसाने मनावर घेतलं तर तो नीट वागू शकतो. बिशप ऑगस्टीन म्हणाला, अरे, ज्या मनावर घ्यायचं ते मनच वाकडं झालंय, कृपेवाचून ते सरळ होत नाही. ४१८ साली कार्थेजच्या परिषदेने पेलागियसचं मत नाकारलं. तरी कॅथलिक म्हणतात, मनुष्यस्वभाव जखमी आहे, मेलेला नाही. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्या आदामाचा अपराध आपल्या माथी मारत नाहीत, मरण मात्र त्याच्यापासून आलं असं मानतात. कॅल्व्हिनचे अनुयायी सर्वांत कडक. पण माणूस होता होईल तेवढा वाईट आहे, असं तेही म्हणत नाहीत. माणसाचा एकही कोपरा पापापासून सुटलेला नाही, एवढंच त्यांचं म्हणणं. बुद्धी नाही, भक्ती नाही, परोपकारसुद्धा नाही. तुझ्या रजिस्टरवाल्याचं वर्णन याहून नेमकं कोण करणार?

म्हणजे आपल्या लोकांनी फसवलं याने तुला दुःख व्हावं, पण धक्का बसू नये. धक्का बसतो, कारण मनातून आपण पेलागियसचे असतो. वाईट माणसं पलीकडे, मुकादमाच्या आणि कारखान्याच्या बाजूला. अलीकडे सगळे आपले.

आपल्याच बाजूचं एक उदाहरण घे. जॉन न्यूटनचं नाव तू भजनांमुळे ऐकलं असशील. मार्च १७४८ मध्ये ‘ग्रेहाउंड’ नावाचं जहाज वादळात सापडलं, त्या रात्री तो देवाकडे वळला. साक्षीच्या सभांमध्ये गोष्ट इथेच संपवतात. पुढचं कोणी सांगत नाही. त्यानंतर हा माणूस गुलाम वाहणाऱ्या जहाजांचा कप्तान झाला. वर डेकवर रविवारी खलाशांची उपासना घ्यायचा आणि खाली माणसं साखळदंडात. बंडाच्या संशयावरून पोरांच्या अंगठ्यांना चाप लावल्याची नोंद त्याच्या स्वतःच्या रोजनिशीत आहे. १७५४ साली त्याने समुद्र सोडला तो तब्येतीमुळे, पश्चात्तापाने नव्हे. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध त्याने उघड लिहिलं ते १७८८ साली. तारण झालेल्या माणसाला आपल्या हातातली साखळी दिसायला चाळीस वर्षं लागली.

तरी ती दिसली, हेही खरं. १७८५ च्या डिसेंबरात विल्बरफोर्स नावाचा तरुण ब्रिटिश खासदार त्याच्याकडे गुपचूप सल्ल्याला आला. विश्वास नवा होता, राजकारण घाण वाटत होतं, सोडून द्यावं असं मनात होतं. न्यूटनने त्याला संसदेतच राहायला सांगितलं. १७९१ साली गुलामांचा व्यापार बंद करण्याचा विल्बरफोर्सचा ठराव १६३ विरुद्ध ८८ मतांनी पडला. त्यानंतर तो जवळजवळ दरवर्षी मांडत राहिला आणि हरत राहिला. १८०७ मध्ये २८३ विरुद्ध १६ मतांनी ब्रिटिश साम्राज्यातला गुलामांचा व्यापार बंद झाला. तेव्हा जग बदलतं का, या प्रश्नाला माझं उत्तर सरळ आहे. बदलतं. बदललेलं आहे.

पण कसं बदलतं तेही बघ. १८३३ च्या कायद्याने गुलामगिरी गेली, तेव्हा दोन कोटी पौंडांची भरपाई मिळाली ती मालकांना. गुलामांना दमडी नाही. उलट उमेदवारीच्या नावाखाली त्यांना १८३८ पर्यंत त्याच मळ्यांवर राबवलं. उसाला हात कमी पडू लागले तसे मॉरिशसला १८३४ पासून हिंदुस्थानातले मजूर करारावर नेले. त्यात आपले कोकणातले मराठी लोकही होते. ऊस तोच, मळे तेच, करार तेवढा नवा. खुद्द विल्बरफोर्सने १७९९ साली कामगारांना संघटना करायला बंदी घालणाऱ्या कायद्याला पाठिंबा दिला होता. तू ज्यांच्यात काम करतेस त्यांच्या बाजूने तो उभा राहिला असता की नाही, सांगता येत नाही. १८१३ साली मिशनऱ्यांना हिंदुस्थानात वाट मोकळी व्हावी म्हणून त्याने रान उठवलं, आणि त्या भरात हिंदूंच्या दैवतांबद्दल जे बोलला ते आज वाचवत नाही. त्याच साली पहिले अमेरिकन मिशनरी मुंबईला उतरले आणि १८३१ मध्ये नगरला आले. तुझ्या पणजोबांना अक्षर त्यांच्याच शाळेत मिळालं.

हे भलंबुरं विल्बरफोर्स या एकाच माणसाच्या खात्यावर आहे. वजाबाकी करून त्याला साधू ठरवू नकोस, भामटाही ठरवू नकोस.

जग बदलायच्या भानगडीत पडूच नका म्हणणाऱ्या दुसऱ्या टोकालाही चांगली माणसं होती. शिकागोचे प्रचारक मूडी जगाकडे बुडत्या जहाजासारखं बघत. जहाज वाचणार नाही, माणसं तेवढी बाहेर काढा. तुमच्या तालुक्याला येणारे प्रचारक हेच सांगत असतील. त्यांची कळकळ खोटी नसते, पण त्यांच्या प्रवचनात उचल हा शब्द कधी येत नाही. दारू सोड म्हणतील. आगाऊ रकमेपोटी नवराबायकोला हंगामभर बांधून ठेवणाऱ्या हिशेबाला कोणी पाप म्हणत नाही. डेट्रॉइटला तेरा वर्षं पाळक असलेल्या राइनहोल्ड नीबूरने १९३२ साली मांडलं ते असं. माणूस एकेकटा कधी सज्जन असेल, पण जमाव, धंदा, राष्ट्र यांचा स्वार्थ नुसत्या उपदेशाने हलत नाही, तिथे दबावच लागतो. मार्टिन ल्यूथर किंग यांनी शिकत असताना नीबूर वाचला होता. पुढे माँटगोमरीच्या बसवर ३८१ दिवस बहिष्कार चालला, तेव्हा बस कंपनीचं हृदयपरिवर्तन होण्याची वाट कोणी पाहत बसलं नाही.

आपल्या घरचं उदाहरण पंडिता रमाबाईंचं. दुष्काळातल्या मुली त्यांनी केडगावला आणल्या, हे शाळेच्या पुस्तकातही असतं. मला मोठी वाटते ती त्यांची दुसरी गोष्ट. मदतीच्या छावण्यांमध्ये, दवाखान्यांमध्ये बायकांच्या वाट्याला काय येतं याकडे त्यांनी डोळेझाक केली नाही. १८९७ साली पुण्याच्या प्लेगच्या व्यवस्थेतले गैरप्रकार त्यांनी मुंबईच्या ख्रिस्ती वर्तमानपत्रात लिहून उघडे केले. सरकार ख्रिस्ती, आपण ख्रिस्ती, म्हणून झाकलं नाही. सरकारने इन्कार केला, तरी त्या हटल्या नाहीत.

तू पत्रात येशूचा गहू आणि निदणाचा, म्हणजे तणाचा, दाखला दिला आहेस. कापणीपर्यंत दोन्ही वाढू द्यायचं, तर आपण कोण उपटणारे? आपल्या मंडळीतही गैरव्यवहार निघाला की हा दाखला लगेच बाहेर येतो.  पण त्या दाखल्यात मालकाला काळजी आहे ती गव्हाची. तुमचा गहू म्हणजे ती मुलं. त्या माणसाचा शेवटचा न्याय तुझ्याकडे नाही, एवढंच शेत तुला सांगतं. कोठाराची किल्ली त्याच्याकडेच ठेव, असं कुठे म्हटलंय?

म्हणून आता काय कर ते सांगतो. हजेरी रोज संध्याकाळी जेवणाच्या आधी, मुलांसमोर मोठ्याने वाचली जाऊ दे. धान्याच्या वहीवर दोन सह्या हव्यात, त्यातली एक गावात राहिलेल्या आजी-आजोबांपैकी कोणाची. अंगठा चालेल. दर पंधरवड्याला शिल्लक फळ्यावर लिहा. आणि हे नियम तुलाही लागू ठेव, आधी तुला. ‘माझ्यावर विश्वास नाही का?’ असं कोणी म्हणालं तर शांतपणे सांग, नाही, आणि माझ्यावरही ठेवू नका. यात कोणाचा अपमान नाही. ज्याला माणसाचं पतन खरं वाटतं त्याने हिशेब असाच ठेवावा.

त्या माणसाबद्दल कुजबुज करू नकोस. पैसे परत घ्या, कामावरून दूर करा, पण त्याच्या मुलांना शाळेत तोंड दाखवायची लाज वाटेल असं काही तुझ्या तोंडून जाऊ नये. त्याने उपासनेला यायचं म्हटलं तर येऊ दे.

विश्वस्तांची बैठक पुढच्या आठवड्यात आहे ना? तक्रार लेखी दे, रजिस्टरच्या पानांच्या झेरॉक्स जोड, खाली तुझी सही कर आणि पोच घे. राजीनाम्याचं त्यानंतर बोलू.

तुझा,
मामा