समाचाराला कुणी आलंच नाही

कोरोनाच्या साथीनं मनावर काय परिणाम केला, असं विचारलं की लोक भीतीबद्दल बोलतात. आमच्या घरात भीती लाटेबरोबर ओसरली. मुक्कामाला राहिलं ते दुःख.

एप्रिल २०२१ मध्ये माझा थोरला भाऊ नाशिकमध्ये वारला. ऑक्सिजनच्या बेडसाठी फोन, एचआरसीटीचा स्कोअर, रेमडेसिव्हिरची शोधाशोध हे तेव्हा घरोघरी झालं, ते सांगत बसत नाही. अंत्यविधीला वीसच माणसांची मुभा होती. आमच्याकडे तेवढीही जमली नाहीत. वहिनी स्वतः पॉझिटिव्ह, मागच्या खोलीत बंद. तिला चेहरासुद्धा दिसला नाही. दहावा-तेरावा गुरुजींनी व्हिडिओ कॉलवर उरकला.

विधींवर माझा विश्वास नाही, आजही नाही. पण एरवी त्या दिवसांत दार उघडं असतं, शेजारणी पिठलं-भात आणतात आणि येणारा प्रत्येक जण ‘कसं झालं हो?’ विचारतो. हा प्रश्न मला पूर्वी निर्दय वाटायचा. आता वाटतं, तीच हकिगत पुन्हापुन्हा सांगताना माणसाला घडलेलं हळूहळू खरं वाटू लागतं. वहिनीला ती एकदाही सांगायला मिळाली नाही. व्हॉट्सॲपवर जोडलेल्या हातांची रांग लागली, तेवढंच.

दिवाळीनंतर तिच्या छातीत धडधड सुरू झाली. ईसीजी, थायरॉइड, सगळं नॉर्मल. रात्री उठून स्वतःच्या आणि झोपलेल्या मुलाच्या बोटाला ऑक्सिमीटर लावायची. नातेवाईक म्हणायचे, भजनी मंडळात जा, मन रमव. अखेर फॅमिली डॉक्टरांनीच मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. तिथं पहिल्याच भेटीत ती एप्रिलबद्दल बोलायला लागली ती थांबेचना.

म्हणून सांगतो, घरात मृत्यू झाल्यानंतर अशा तक्रारी सुरू झाल्या आणि तपासण्या स्वच्छ आल्या, तर ‘काही नाही झालेलं’ म्हणून विषय संपवू नका. शोकाला वेळ लागतोच, तो काही आजार नव्हे. पण सहा महिने उलटूनही ओढ आणि वेदना तितकीच तीव्र असेल, रोजचे व्यवहार जमत नसतील, तर तज्ज्ञांना दाखवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात अशा लांबलेल्या शोकाची स्वतंत्र नोंद आहे. जगणं नको झाल्याची भाषा आली तर मात्र त्याच दिवशी दाखवा, माणसाला एकटं सोडू नका. डॉक्टर लांब असतील तर सरकारच्या ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, रात्री-अपरात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं.

आणि राहून गेलेला समाचार उशिरा का होईना, घ्या. भावाच्या वर्षश्राद्धाला आम्ही पूजेपेक्षा माणसं जास्त बोलावली. ‘खपली कशाला काढता?’ असं एक काका म्हणाले. त्यांना वहिनीशेजारी बसवलं. भावाच्या नोकरीतल्या उचापती त्यांनाच सर्वांत जास्त ठाऊक होत्या, आणि संध्याकाळपर्यंत तेच सांगत होते.