पितळ म्हणून घेतली, निघालं जस्त

गेल्या खंडेनवमीला पूजेत मांडायची म्हणून मी रायफल चिंचेने घासली. सांगलीला आई समई घासायची तशीच: भिजवलेली चिंच, चिमूटभर मीठ आणि काथ्या. रिसीव्हरच्या कडेला नखाएवढा करडा ठिपका दिसला. मळ असेल म्हणून आणखी जोर लावला, तर ठिपक्याचा बोटभर पट्टा झाला. पितळ कितीही घासलं तरी खाली पितळच लागतं. हात तिथेच थांबला.

ही पॉइंट टू-टूची लिव्हर-अ‍ॅक्शन, १८६६च्या विंचेस्टरच्या धर्तीची. त्या मूळ बंदुकीला पिवळ्या रिसीव्हरमुळे ‘यलो बॉय’ म्हणत. तो तांबं-कथिलाच्या गनमेटलचा, आरपार एकच धातू. माझ्या बंदुकीत जस्ताच्या मिश्रधातूचा ओतीव गाभा आणि वर पिवळा मुलामा.

इथल्या, टेक्सासच्या दुकानात घेताना मी तीनदा विचारलं होतं, ‘हे पितळच ना?’ तिन्ही वेळा दुकानदार हो म्हणाला. परत घेऊन गेलो तर त्याने खोक्यावरच्या लेबलावर बोट ठेवलं: ‘ब्रास फिनिश’. ‘फिनिश म्हणजे फिनिश,’ म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. साडेपाचशे डॉलर गेले त्यापेक्षा ते पाठ फिरवणं मला जास्त लागलं. चिंच का लावली, असंही वर ऐकवलं. अहो, खरं पितळ असतं तर चिंचेने उजळलं असतं!

जस्ताची बंदूक कमजोर असते असं मी म्हणत नाही. पॉइंट टू-टूचा दाब मोठ्या काडतुसांच्या मानाने कमी, तो असे रिसीव्हर वर्षानुवर्षं सोसतात. माझीही नेम नीट धरते. पण पिवळा रंग पितळ म्हणून विकू नये.

लोहचुंबकावर विसंबू नका. तो पोलादाला चिकटतो. पितळ, जस्त, अ‍ॅल्युमिनियम तिघांनाही नाही. मी चुंबक लावला, चिकटला नाही, आणि पितळच आहे असं धरून चाललो. अ‍ॅल्युमिनियम हातात घेताच हलकं लागतं, जस्त मात्र वजनाने फसवतं. स्क्रूच्या भोकांच्या कडा आणि लिव्हर जिथे घासते ती जागा उजेडात बघा, मुलामा आधी तिथून उडतो. उघडं पितळ हाताच्या घामाने काळवंडतं. माझी दोन वर्षं पिवळीधमक राहिली तेव्हाच मला शंका यायला हवी होती. वर लॅकर असेल तर मात्र खरं पितळही काळं पडत नाही, म्हणून तेही विचारा.

काळ्या रिसीव्हरचं तसंच. ब्लूइंग पोलादावर होतं. जस्तावरचा काळा हा रंग, खरचटला की आतला करडा दिसतो. ‘केस कलर’च्या निळ्या-तपकिरी छटा हाडांच्या कोळशात तापवून आल्यात की नुसत्या रसायनाने काढल्यात, हेही विचारून घ्या. दस्त्याचं लाकूड अक्रोडाचं की रंगवलेलं बीच, तेही पाहा. घाई करू नका, दोन दुकानं हिंडा.

मुलाम्याची बंदूक रिकामी करून नुसत्या तेलाच्या फडक्याने पुसा. चिंच, लिंबू, पितळेचं पॉलिश यांतलं काही लावू नका. आणि रिसीव्हरचा धातू बिलावर लिहून मागा. दुकानदार लिहून देत नसेल तर तिथे पैसे मोजू नका.